दांड्यासकट फियाट

पुरानी बस्ती, रायपूर
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जयंत,

तुले, वीणाले आणि अबोलीले ताईचे आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. थंडी पडली आहे, माझा गुडघा सकाळी कुरकुर करते आणि दहा वाजेपर्यंत वळणावर येते. लिंबाचं लोणचं घातलं, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली. फोनवर तू दर दोन वाक्यांनंतर "ताई, थांब" म्हणतोस, म्हणून लिहून राहिली. पत्राले मधेच थांबवता येत नाही. आणि तू आता पुण्याचा झाला, मला-तुला म्हणतोस. मी मले-तुलेच लिहीन, वाचून घे.

आधी चांगली बातमी. सोळा तारखेच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आपल्या फियाटले पहिलं पदक मिळालं, 'कारखान्यातून निघाली तशी' या गटात. तेवीस गाड्या होत्या. इंदूरहून परीक्षक आले होते, पांढरे हातमोजे घालून. त्याईनं बोनेट उघडलं, गाडीखाली आडवे झाले, आरशाचा स्क्रूसुद्धा पाहिला, आणि मले म्हणाले, "मैडम, चौंसठ की गाड़ी, और एक पेंच बाहर का नहीं." चार महिने तू एकेक वस्तू शोधून पाठवली, त्याचं हे फळ आहे. खोटं काहून बोलू, उन्हात तो दुधाळ हिरवा रंग पाहून मलेही भरून आलं. बाबांनी रिटायर होणाऱ्या एका साहेबाकडून ती घेतली तेव्हा तू सहा वर्षांचा होता. राखेनं व्हीलकॅप घासत बसायचा, जेवायले बोलावलं तरी उठायचा नाही. त्या पोट्ट्याची हौस मले समजते.

गाडी घरी सुखरूप आली. गल्लीच्या तोंडाशी आपल्या शेडमध्ये उभी आहे. त्या दिवशी ती भैय्यालालनं आणून लावली, उरल्याच्या गॅरेजात तुझ्यासाठी ती नवी करणाऱ्यानं.

आता इथं तू विचारशील, उरल्याचा मेकॅनिक काहून, तू कुठं होती? मी त्याच्या बाजूच्या सीटवर होती, मांडीवर पदक घेऊन.

जूनमध्ये तू फोन केला होता. म्हणाला, "ताई, तो गिअरचा दांडा काढावा लागेल, त्याच्यामुळं गाडी ओरिजिनल धरत नाहीत." मग तू म्हणाला, "आणि आता या वयात तुला कुठं चालवायची आहे?" मी "हव" म्हटलं आणि फोन ठेवला. अरे, राग आला की मी हव म्हणते, हे तुले बावन्नाव्या वर्षी तरी माहीत पाहिजे होतं. बाबा ओळखायचे. मी हव म्हटलं की चहा मांडायचे आणि पुन्हा विचारायचे. पण चूक माझीच आहे. नाही म्हणायचं तिथं हव म्हटलं, आणि भैय्यालालनं दांडा काढला.

अबोलीले तू हे सांगितलं नसशील, म्हणून नीट लिहिते, तिलेही वाचायले दे. पोरी, माझा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेला, आणि क्लच डाव्या पायाचा. मी अठराची झाली तेव्हा तुझ्या आजोबांनी, रेल्वेच्या वॅगन शॉपमधल्या साध्या फिटरनं, गिअरच्या दांडीलेच आणखी एक दांडा जोडला, सायकलच्या ब्रेकसारखा. मुठीत दाबला की तार ओढते आणि क्लच खाली जाते. तीन वेळा तार तुटली. चौथ्या वेळी आर.टी.ओ.चे साहेब माझ्या बाजूले बसले, चढावर गाडी थांबवायले लावली आणि म्हणाले, आता उचला. इंचभर मागं सरकली नाही. तेव्हा या शहरात गाडी चालवणारी बाई दिसली तर लोक दुकानातून बाहेर यायचे, आणि ही लंगडी पोट्टी पुढं नोकरी लागल्यावर अडतीस वर्षं फियाट घेऊन ऑफिसात गेली. एकदाही उशिराची खूण पडली नाही. सांगायले मले संकोच नाही.

तर सप्टेंबरात गाडी नवी होऊन आली, आणि मग दसरा आला. खंडेनवमीले बाबा हत्यारं पुजायचे ते तुले आठवत असेल. पाने, हातोडी, कानस ओळीनं पाटावर, आणि गाडीचं पहिलं कुंकू बोनेटले नाही, त्या दांड्याले. "पहिले हे, मग बाकीचं लोखंड." बाबा गेल्यावरही एकवीस वर्षं मी तसंच केलं. यंदा ताट घेऊन गाडीचं दार उघडलं, हात आपोआप तिकडं गेला, आणि तिथं काही नव्हतं. भोकं बुजवून वरून इतका सुरेख रंग दिला होता की जागाही सापडेना. मी बोट पदराले पुसलं आणि दार लावून घेतलं. गाडी बिनपूजेची राहिली. तू त्या दिवशी फोनवर विचारलं, पूजा झाली का, आणि मी काय म्हटलं असेल ते तुले आता समजलं असेल.

प्रदर्शनात पदकवाल्या गाडीनं मांडवासमोरून एक फेरी मारायची असते. मी काठी टेकून दोरीपाशी उभी. गाडी भैय्यालाल चालवून राहिला होता, आणि माइकवर "श्री जयंत ढोक की गाड़ी." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. गाडी थांबली तेव्हा मारोतीकाका दिसले, बाबांच्या शॉपमधले. चौऱ्याऐंशीचे आहेत, सून घेऊन आली होती. त्याईनं खिडकीतून आत डोकं घातलं, बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडं वळले.

"मंदे, दांडा काहून काढला?"

"काका, ओरिजिनल करायची होती."

"मंग तो काय नकली होता? त्याची स्प्रिंग मी केली होती. तीन रविवार लागले मले."

मग सांगत बसले. मूठ लेथवर कोणी काढली, तारेचं टोक कोणी वळलं, कोणाच्या सायकलीचा ब्रेक नमुना म्हणून उघडला. शॉपमधले पाच जण जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूले ठेवून या एका दांड्यापाशी बसायचे, श्यामरावची पोरगी गाडी चालवणार म्हणून. चव्वेचाळीस वर्षं मले वाटत होतं की तो एकट्या बाबांनी केला. मी त्या मांडवात, सगळ्यांसमोर रडली, जयंत. आणि घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पदक परत केलं. प्रदर्शनवाल्यांले सांगितलं की या गाडीचा एक भाग काढलेला आहे, तो मी परत लावून राहिली, तेव्हा तुमच्या गटात ती बसणार नाही. परीक्षक अजून इथंच होते. "एक डंडे के लिए, मैडम?" मी म्हटलं, "हव, त्याच्यासाठीच." हे हव मात्र खरं होतं.

तिथून रिक्षानं सरळ उरल्याले. भैय्यालालनं दांडा भंगारात टाकला नव्हता, तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. म्हणे, "दीदी, हमको मालूम था आप आओगी." गाडी मागवून घेतली. नव्या रंगात ड्रिल लावताना मात्र त्याचा हात थांबला. "भैया का फोन आया तो?" मी म्हटलं, "त्याले मी लिहिते. तू पाड भोक." दोन भोकं पडली, कडेचा थोडा रंगही उडाला. त्याले मी पुन्हा रंग लावू दिला नाही. मग त्याले बाजूले बसवलं आणि उरल्याहून घरापर्यंत, त्या धुळीतून आणि लोखंडाच्या ट्रकांमधून, मी चालवत आणली. दुसरा गिअर जरा अडते, बाकी हात काही विसरला नाही.

आता तू चिडशील. चीड, तुझी मेहनत होती, तुझा हक्क आहे. गाडीही तुझ्या नावावर आहे, बाबांनीच केली, आणि त्याचं मले कधी वाईट वाटलं नाही. तीन तारखेले तिले न्यायले ट्रक येणार, पुण्याच्या त्या जुन्या गाड्यांच्या हॉलमध्ये काचेमागं उभी राहणार, असं तू म्हणाला होता. ट्रक पाठवू नको.

एक गोष्ट तीस वर्षं लिहायची राहिली. ९५ साली मुलाखतीच्या दिवशी तुझी सकाळची रेल्वे चुकली होती, आणि मी तुले फियाटनं नागपूरले नेलं. सात तास. दांडा दाबून दाबून तळहातावर फोड आले होते. हिंगण्यात कंपनीचं फाटक दिसलं, तसं तू म्हणाला, "ताई, इथंच कोपऱ्यावर थांबव." मी थांबवली. तुले फाटकावरच्या लोकांपासून काय लपवायचं होतं, दांडा की मी, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. तुले नोकरी लागली आणि गल्लीभर पेढे मीच वाटले.

तीन तारखेले सकाळी सहाले मी निघीन. भैय्यालाल संग येऊन राहिला, काळजी करू नको. एक वाजेपर्यंत त्याच फाटकासमोर पोचते. कोपऱ्यावर नाही, फाटकासमोर. तू पुण्याहून तिथं ये, माझ्या बाजूले बस, नागपुरात एक फेरी मारू. मग तूच ठरव, तिले काचेमागं ठेवायची की माझ्यासंग रायपूरले परत पाठवायची. तू म्हणशील ते मी ऐकीन. फक्त मी हव म्हटलं तर या वेळी माझ्या तोंडाकडं पाहून घे.

राहिलेलं कुंकू काल लावलं. पहिले दांड्याले.

तुझी ताई,
मंदाकिनी श्यामराव ढोक
लायसन्स १९८१ चं, अजून चालू