शेवटचं रीळ

शुक्र. ५ एप्रिल, लातूर
रिळांची पेटी पुण्याहून एस.टी.नं आली. फ्रेंच सिनेमा, आमच्या फिल्म सोसायटीचा रविवार सकाळचा खेळ. एक तिजोरीफोड्या, बोलणं जवळजवळ नाहीच. किती पत्रं लिहिली तेव्हा मिळाला. सोमवारी नांदेडच्या सोसायटीकडे न्यायचा.
नागनाथ, आमचा अध्यक्ष आणि गल्लीतला शेजारी, म्हणतो उद्घाटनाला जिल्ह्याच्या कलेक्टर साहेबांना बोलवू. सिनेमाला कसलं उद्घाटन! नको म्हणून सांगितलं. लातूर वेगळा जिल्हा झाला, साहेब आले. पाणी अजून यायचंय.

रवि. ७
डोकं फिरलंय.
नागनाथनं साहेबांना बोलावलंच. तेही दीड तास उशिरा. मग हार, शाल, नारळ, दुष्काळावर भाषण. सिनेमा सुरू होतो न होतो तोच साहेब, "आवाज गेलाय का?" नागनाथनं धावत जाऊन मशीन बंद करायला लावलं. अरे, तो माणूस बोलतच नाही!
पुन्हा सुरू. तर टॉकीजचे मालक अप्पा हजर. "सर, बाराला धंद्याचा शो हाय. पब्लिक उन्हात उभं हाय." शेवटचं रीळ लावलंच नाही. दारामागं पोलीस आहेत हे चोराला ठाऊक, तरी त्यानं कडीला हात घातला आणि दिवे लागले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.
नागनाथला नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "लई दिस झाले, गल्लीत टँकर न्हाई. बंगल्यावर शिपाई आत सोडंना. सायबाला दुसरं कुठं गाठू?"
म्हणून माझ्या सिनेमाचा बळी?

सोम. ८
सकाळीच गल्लीत टँकर. हिनं दोन्ही पिंपं भरली. वर मला, "नागनाथभावजींना चहाला बोलवा." बोलवणार नाही. आंघोळ मात्र केली, त्याच पाण्यानं. त्याचाही राग येतोय.
पेटी घेऊन मीच निघालो. शेवट बघितल्याशिवाय परत येत नाही.

मंगळ. ९, नांदेड
हॉलवर वेळेआधी पोचलो. पडद्यासमोर तीन खुर्च्या, समई, ताटात शाल. तळपायाची आग मस्तकात. एक खुर्ची उचलली.
इथले सेक्रेटरी धावत आले. "राहू द्या ना हो. सायेब यायलेत. आमच्या वस्तीची बोअर आटली."
खुर्ची हातातच. बाहेर जीप थांबल्याचा आवाज —