हातोडा, शिंपी, मूर्ती आणि मी

रवि. ५ जानेवारी

आज पुन्हा तोच वाद: बॉक्सिंगच्या हेवीवेट चॅम्पियनांमध्ये खरा फिनिशर, म्हणजे घायाळ झालेल्याला संपवणारा, कोण. काका सकाळीच तर्री-पोहे घेऊन आले. परदेशातली शनिवार रात्रीची फाइट म्हणजे आपली रविवार सकाळ. नियम तेच, मी शाळेत जायच्या आधीपासूनचे. निकाल कळू नये म्हणून कुणी फोन उघडायचा नाही. टीव्हीचा आवाज बंद. रिमोट बाबांकडे. समोरचा हलला, त्याचे पाय वाकडे पडले, की बाबा चित्र थांबवतात आणि विचारतात, "सांग, आता काय?" प्रत्येकानं उत्तर द्यायचं. मगच पुढे.

चॅम्पियनांची खरी नावं आमच्याकडे कुणी घेत नाही. काकांचा हातोडा. उजवा हात एकच, पण लागला की विषय संपला. बाबांचा शिंपी. डावखुरा, खालच्या वजनातून वर आलेला, माप घेतल्यासारखा हळूहळू जवळ येतो. आणि मूर्ती. देखणं शरीर, सलग पाच-सहा ठोसे, पण एकदा घाईत जाऊन मार खाल्ला तेव्हापासून जपून असतो. मूर्तीच्या बाजूनं घरात कुणीच नाही, म्हणून मला तो थोडा आपला वाटतो.

काका म्हणाले, हातोड्याचा लागल्यावर कोणी धड उभा राहिला का, मग कायचा वाद करता गा. बाबा म्हणाले, लागला तर ना. नाही लागला तर मग तुझा हातोडा करते काय? शिंप्याला एका ठोशाची गरजच नाही. तो आधी दारं बंद करतो.

मी म्हटलं, किती पाडले यावर ठरवणं बरोबर नाही. समोरचा घायाळ झाल्यावर कोणाच्या हातून किती निसटले, ते बघायला हवं. त्यासाठी सगळ्या फाइट पुन्हा बघाव्या लागतील.

काका बाबांकडे वळून म्हणाले, "हे पोट्टी बॉक्सर हाये का इन्कम टॅक्सवाली?"

मत दिलं नाही. अर्धवट बघून मत देणं मला जमत नाही.

बुध. ८ जाने.

निवड चाचणी १९ ला. आमच्या ८१ किलोच्या वरच्या गटात इथं दोघीच, मी आणि जरीपटक्याची काजल. राज्य स्पर्धेला जागा एक. मागच्या दोन्ही वेळा काजल गेली. दोन्ही वेळा मी तिला हलवलं होतं. दोन्ही वेळा ती निसटली आणि गुणांवर जिंकली. या वेळीही तसंच झालं तर आमचे कोच सर नवीन मुलींकडे लक्ष देतील. ते तसं म्हणालेले नाहीत. मला ते दिसतं.

दुसरं कुणी या वजनाचं नाही म्हणून रोजची स्पारिंगही, म्हणजे सरावाची लढत, आम्ही एकमेकींशीच करतो. आज झाल्यावर सीताबर्डीला उसाचा रस प्यायला थांबलो. मी विचारलं, माझं चुकतं काय? ती नेहमी मला विचारते आणि मी खरं सांगते (तुझा उजवा हात खाली पडतो, हे मीच तिला सांगितलं होतं), म्हणून मीही विचारलं.

तिनं ग्लास ठेवला. "रागवू नको हं. तू मले जोरात मारते. मी हलते. अन् मंग तू थांबते. माह्याकडे पाहत राहते. मले वाटते, आता हे काही विचारन."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली, "थोडं डावीकडे बी पाहते. तिकडे कोन असते वं?"

घरी हुडकेश्वरला ऑटोनं आले. ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं, कुठं उतरायचं.

गुरु. ९

सरांकडून मागच्या चाचणीचा व्हिडिओ मागवून घेतला. काजल म्हणते ते खरं आहे. माझा डावा हुक, बाजूनं घातलेला ठोसा, लागतो, ती मागे जाते, आणि माझे हात तिथंच. मान किंचित डावीकडे.

घरी टीव्हीसमोर मी सतरंजीवर बसते. बाबांची खुर्ची डावीकडे.

म्हणजे मला पुढचं येत नाही असं नाही. सगळं येतं. पोटात दोन, मग वर, दोरीकडे ढकल, डावी बाजू बंद कर. पण मी प्रश्नाची वाट बघते. प्रश्न येईपर्यंत काजलनं मिठी मारून माझे हात अडकवलेले असतात.

कॉलेजचं काही झालं नाही आज. सबमिशन राहिलं. आईनं विचारलं, तोंड काहून उतरलं. काही नाही म्हटलं. हे खोटं झालं.

रवि. १२

आज फाइट नवी नव्हती म्हणून जुन्या लावल्या. मी ठरवून फक्त एवढंच बघितलं: घायाळ केल्यावर कोण कुठं बघतो.

हातोडा बघतच नाही. समोरचा पडायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागतो. मूर्ती रेफ्रीकडे बघतो, अजून मारू का असं. शिंपी चेहऱ्याकडे बघत नाही. त्याची नजर समोरच्याच्या कंबरेवर, तो कोणत्या बाजूनं पळेल तिकडे.

म्हणजे बाबांचं बरोबर? की बघायचंच नाही हे काकांचं बरोबर? काका म्हणत होते, फिनिशर जन्माले यावा लागते. बाबा म्हणत होते, घडवावा लागते. दोघंही एकमेकांकडे न बघता टीव्हीशी बोलत होते. तेवढ्यात मूर्तीनं एकाला दोरीवर नेलं. बाबांनी चित्र थांबवलं.

"सांग, आता काय?"

मी सतरंजीची किनार बघत राहिले.

"काहून चूप?"

खरं तर चाचणीनंतर सांगणार होते. दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते, आधी त्यांचे आभार मानायचे, मग हळूच मुद्द्यावर यायचं. ती सगळी बाजूला राहिली आणि भलतंच आलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही थांबवता म्हणून मी थांबते. रिंगमध्ये."

मग काजल काय म्हणाली ते सांगितलं, व्हिडिओतलं सांगितलं, खुर्चीचंही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर मला अर्धं सांगता येत नाही. काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली. बाबांनी फाइट पुन्हा सुरू केली, शेवटपर्यंत बघितली, आणि उठून स्कूटरचा प्लग साफ करायला गेले. प्लग गेल्याच आठवड्यात साफ केला होता.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खरं असन. पण पोहे खाऊन झाल्यावर नसतं सांगता आलं?"

सोम. १३

बाबा बोलत नाहीत. रागावून नाही. मीठ दे, गेट लाव, एवढं बोलतात.

दुसरं. काजलनं हे मला का सांगितलं? चाचणी तिच्याशीच आहे. आज तिला विचारलंच. ती म्हणाली, "तूनं विचारलं म्हनून. खोटं सांगाले पाहिजे होतं का?" मग म्हणाली, समजलं म्हणून एका आठवड्यात सुधरणार आहे का तुझ्याच्यानं. आणि खांद्यावर मारलं. जोरात.

तिनं दिलेलं तिच्याचविरुद्ध वापरायचं. न वापरता हरले तर तोही तिचा अपमान. वापरून जिंकले तर...

मंगळ. १४, संक्रांत

सगळ्या गच्च्यांवर माणसंच माणसं, डीजे, पतंग. बाबा ठोसे झेलायचे पॅड घेऊन गच्चीवर आले. मला म्हणाले, "पाहाले शिकवलं मी तुले. पुढचं राहून गेलं." एवढंच.

नवीन पद्धत. माझा हुक पॅडवर बसला की बाबा खरोखर मागे जातात, धडपडत, कुठल्या बाजूला ते न सांगता. मी त्यांच्या मागोमाग जायचं आणि मारत राहायचं. ते एक शब्द बोलणार नाहीत. सुरुवातीला मी दर वेळी थांबले. ते पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आपटायचे, परत यायचे, पॅड वर धरायचे. चेहरा कोरा. दुपारपर्यंत एकदा न थांबता गेले. मग पुन्हा थांबले. मग दोनदा गेले.

शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "अवं, बापाले काहून मारून राहिली?"

बाबा धापा टाकत म्हणाले, "तिळगूळ देऊन राहिली, वहिनी."

रविवारनंतर बाबा पहिल्यांदा हसले. नंतर आईनं त्यांच्या बरगडीला बाम चोळला.

शुक्र. १७

शेवटची प्रॅक्टिस. सरांनी स्पारिंग करू दिली नाही, नुसत्या दोरीवरच्या उड्या आणि बॅग. काजलनं डब्यातली कोकी, म्हणजे जाड सिंधी पोळी, दिली, तिच्या आईच्या हातची. दोन खाल्ल्या. तिसरी तिनं जबरदस्तीनं दिली.

घरी आले तर काका आलेले, मत मागत होते. अजून ठरत नाही म्हटलं. ते म्हणाले, देश चालवायचा नाही वं, एका माणसाचं नाव घ्यायचं आहे. मी म्हटलं, हातोडा असो की शिंपी, त्यांना चाचणीच्या तोंडावर समोरच्याच्या डब्यातलं खावं लागत नाही. काका म्हणाले, "मंग नव्हतं खायचं."

खरं आहे. पण चांगली होती.

रवि. १९

जिंकले.

दुसरा राउंड. डावा हुक बसला, तिचे गुडघे हलले. मी गेले. पोटात दोन, वर एक, ती दोरीवर, डावी बाजू मी अडवलेली, पुन्हा वर. थांबले नाही. डावीकडे बघितलं नाही. रेफ्री थांबवायला मधे आला. माझा आणखी एक उजवा गेला. त्याच्या आधी गेला की नंतर, माहीत नाही. काजल खाली बसली, लहान मूल बसतं तशी, पाय पसरून. डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली. थोड्या वेळानं उठून तिनं माझ्या हेडगार्डला हेडगार्ड लावलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुठंतरी बघत होती.

काकांनी सगळ्या हॉलला जिलेबी वाटली. बाबा मला ग्लोव्हज सोडवून देताना गाठ काढत बसले, निघेना, शेवटी दातांनी ओढली.

सोम. २०

बाबांना विचारलं. म्हणाले, आधीचा होता. काका म्हणाले, आधीचा. आईनं डोळेच मिटले होते. सर म्हणाले, रेफ्रीनं तुला काही म्हटलं का? नाही ना? मग कशाला उकरतेस. काकांच्या फोनमधला व्हिडिओ बघितला. नेमकं तिथं रेफ्रीची पाठ. माझा खांदा पुढे जाताना दिसतो. त्याचा हात कधी आला ते दिसत नाही.

थांबवताना तो बोलला असणार. मला त्याचा आवाज आठवत नाही. मला काहीच आवाज आठवत नाही.

डॉक्टरनं काजलला काही आठवडे रिंगमध्ये उतरू नको म्हणून सांगितलं आहे. म्हणजे राज्य स्पर्धेच्या तयारीला आता माझ्या वजनाचं समोर कुणीच नाही. सर म्हणाले, मुलांसोबत कर. ठीक आहे.

जेवताना काका म्हणाले, आता आपल्याच घरात एक हाये, बाहेरचे काहून मोजायचे. बाबा म्हणाले, शिंप्यासारखी गेली, एकदम शिंप्यासारखी. मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून हे ऐकायची वाट बघत होते. भात तसाच राहिला.

गुरु. २३

जरीपटक्याला गेले. काजलचं घर त्यांच्या कापडाच्या दुकानावरच. तिच्या आईनं दार उघडलं, बेटा म्हणाली, आत बसवलं, माझ्यावर राग आहे असं काही नाही. खोलीत पडदे लावलेले. उजेड अजून टोचतो म्हणे, बाकी बरी आहे. भूक लागते, चिडचिड होते, भावाशी भांडते.

मी विचारायचं ठरवूनच गेले होते. शेवटचा ठोसा उशिरा होता का. तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार?

त्याआधी तीच म्हणाली, "पहिला राउंड पूर्ण याद हाये. दुसऱ्यातला तुहा हुक बी पाहिला मी. मंग एकदम डॉक्टरची बॅटरी. मधलं सांग न."

म्हणजे उत्तर तिच्याकडेही नाही.

सांगितलं. पोटात दोन, वर एक, दोरी, डावी बाजू, पुन्हा वर. ती डोळे मिटून मान हलवत होती, दुसऱ्या कुणाची फाइट ऐकावी तशी. एका ठिकाणी म्हणाली, बरोबर केलं. मग मी म्हटलं, रेफ्री मधे आला, आणि माझा अजून एक उजवा गेला. तो आल्यावर की आधी, मला खरंच माहीत नाही. सगळे म्हणतात आधी.

"तू काय म्हनते?"

"मला नाही माहीत, काजल."

तिनं डोळे उघडले. "तेव्हा माह्याकडे पाहत होती का तू?"

मी म्हटलं, नाही.

तिनं उशी सरळ केली. मग भिंतीकडे तोंड करून वळली आणि पांघरूण वर घेतलं. झोपली असेल असं वाटून उठले, तर म्हणाली, पंखा कमी कर. केला. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. खाली दुकानात तिचे बाबा गिऱ्हाइकाला एकामागून एक कापडाचं ठाण उलगडून दाखवत होते, तो आवाज येत होता. मी उभीच होते. मग बसले.