लान आँटीची भवानी

मंगळवार, २८ जुलै २०२०
आजपासून रोजनिशी. कारण माझा राग मोठा आहे, पण आठवण कच्ची. सूड घ्यायचा राहून जाऊ नये.

घटना लिहून ठेवतो. सकाळी स्टेशनजवळच्या लान आँटीच्या दुकानात डब्यांसाठी भेंडी घेत होतो. आपल्याकडे घेतात तशीच. टोक मोडायचं, कट्‌ वाजलं तर पिशवीत, नुसतं वाकलं तर परत ढिगात. आईने शिकवलेलं आहे. तेवढ्यात आँटी काउंटर सोडून झाडू घेऊनच आली. व्हिएतनामी बाई, माझ्या खांद्याला लागेल एवढी, पण आवाज बार्शी एसटी स्टँडवरच्या लाउडस्पीकरचा. "यू ब्रेक, यू बाय! ऑल बाय!" वर म्हणाली की कोविड चालू आहे आणि हा सगळ्यांची भाजी चिवडतोय. मोडक्या टोकांचा ढीग माझ्यासमोर धरला. ढीग जरा मोठा होता. पण म्हणून झाडू?

सगळी रांग बघत होती. उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर, आंघोळ करताना. तेही मराठीत.

बुधवार, २९ जुलै
प्रकरण वाढलंय. बाईने काउंटरवर माझा फोटो लावला! कॅमेऱ्यातून काढलेला, वरून. खाली मोठ्या अक्षरांत 'प्लीज डू नॉट ब्रेक ओक्रा'. फोटोत कानटोपी आहे, मास्क आहे, थोडा हललाय पण. तरी डोळे माझेच. आईने एका सेकंदात ओळखलं असतं.

आमचं आख्खं क्लेटन उपनगर त्या काउंटरवर पैसे द्यायला येतं. युनिव्हर्सिटीची (इथे युनी म्हणतात) सगळी मराठी पोरं तिथेच. म्हणजे सगळ्यांना कळलं. आज डबे पोचवताना प्रत्येकाच्या डोळ्यांत हसू दिसलं. मास्कमुळे तोंड दिसत नाही, पण मला कळतं.

शुक्रवार, ३१ जुलै
आमच्या घराण्यात अपमान कुणी विसरत नाही. आजोबा एका न्हाव्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. पुढे न्हावीच आधी मेला, तरी नाही बोलले.

शपथ: तो फोटो काउंटरवरून उतरेपर्यंत दाढी करणार नाही.

शनिवार, १ ऑगस्ट
लान आँटीवर बहिष्कार. सुपरमार्केटमध्ये गेलो. भेंडी नाही. मेथी नाही. कोथिंबीर प्लास्टिकच्या डबीत, चार काड्या, शवपेटीत ठेवल्यासारख्या. तीच आणली.

मी ज्यांच्याकडे राहतो आणि काम करतो ते शैलेंद्रदादा आणि चित्रलेखावहिनी घरून युनीच्या पोरांना डबे देतात. मी भाजी आणतो, चिरतो, सायकलवर डबे पोचवतो. आलो होतो कुकरीच्या कोर्सला. (बारावी गेली म्हणून काय झालं, हात चांगला आहे.) कॉलेज मार्चपासून बंद. तर वहिनींनी ती डबी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मुरली, ही कोथिंबीर आहे की नमुना?" दादा म्हणाले की भाजी आणता येत नसेल तर तुझा इथे नक्की उपयोग काय, ते एकदा बसून ठरवू.

खरं कारण सांगितलं नाही. त्यांना फोटोचं कळलेलं असणारच. पण चांगली माणसं आहेत, दाखवत नाहीत.

रविवार, २ ऑगस्ट, सकाळ
सापडला! मार्ग सापडला.

मामांचा बार्शीच्या मंडईत गाळा होता. त्यांचा एकच नियम. भवानीचं गिऱ्हाईक काही न घेता गेलं की दिवस बसला. असं झालं की मामा दुपारपर्यंत कुणाशी धड बोलायचे नाहीत.

तर आज दुकान उघडायला मी दारात. पहिला. आत गेलो, ड्रॅगन फ्रूटचा भाव विचारला, मुळ्याकडे खूप वेळ बघितलं, फणसाच्या डब्यामागचं सगळं वाचलं. मग नो वरीज म्हणून हात हलवत रिकाम्या हाताने बाहेर. वळून बघितलं तर काय! आँटीने वर्तमानपत्राचा तुकडा पेटवला होता आणि दारात माझ्यामागे ओवाळत होती! म्हणजे त्यांच्यातही भवानी असते. वर्मी लागला घाव.

बसला तिचा दिवस.

संध्याकाळ
सरकारने दुपारी जाहीर केलं. रात्रीचा कर्फ्यू, घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घरटी एकानेच खरेदीला जायचं. वहिनींनी पळवलं मला. लान आँटीकडे रांग बस स्टॉपपर्यंत. आत तांदूळ संपलेला, नूडल्स संपलेल्या, आलंसुद्धा संपलेलं. आँटी दोन्ही हातांनी बिलाचं मशीन बडवत होती.

योगायोग.

बुधवार, ५ ऑगस्ट
सोमवार, मंगळवार, आज. तिन्ही दिवस पहिला मी. तिन्ही दिवस रिकाम्या हाताने बाहेर. तिन्ही दिवस दुपारपर्यंत दुकान साफ.

घाई नको. आयुर्वेदिक औषधसुद्धा सावकाश लागू पडतं.

अडचण एकच. पाच किलोमीटरच्या आत मेथी आणि भेंडी फक्त हिच्याचकडे. त्यामुळे आधी भवानी मोडायला जातो, मग तासाभराने जॅकेट उलटं घालून खरेदीला जातो. आत भगवं अस्तर आहे. ती ओळखत नाही.

आज तिने विचारलं, "जॅकेट इनसाइड आउट, यू ओके?" मी ओके म्हटलं.

रविवार, ९ ऑगस्ट
दुसरी आघाडी उघडली. नेटवर दुकानाला एक स्टार दिला. लिहिलं: भेंडी एकदम कोवळी असते पण मोडून बघू देत नाहीत, मालकीण कुणालाच भाजीला हात लावू देत नाही, फार कडक आहे.

आर्वोपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, खाली बऱ्याच जणांनी लिहिलं की वा, कोविडमध्ये असंच दुकान पाहिजे. एका डॉक्टरबाईने पत्ता विचारला.

वहिनी म्हणाल्या, स्वयंपाकघरात दाढी चालणार नाही, डब्यात केस गेला तर पोरं ग्रुपवर फोटो टाकतील. बोललो की शपथ आहे. वहिनी म्हणाल्या, शपथ बाहेर, कांदे आत, कुठे राहायचं ते ठरव. शपथ मिशीपुरती ठेवली.

गुरुवार, १३ ऑगस्ट
भवानी एकटी पुरत नाही. अपशकुन दुहेरी पाहिजे. रात्रभर विचार करून ठरवलं: उंबऱ्यावर शिंकायचं. शिंक आल्यावर मामा गाडीसुद्धा परत फिरवायचे.

मिरी हुंगून गेलो. पहिलं गिऱ्हाईक मी, मागे आठ-दहा माणसं अंतर ठेवून. बरोब्बर उंबऱ्यावर तीन शिंका दिल्या. खणखणीत.

परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा. रांग पळाली. अक्षरशः पळाली. एका बाईने ट्रॉली टाकली ती रस्त्यावर गेली. आँटी सॅनिटायझरचा कॅन घेऊन मागे धावली. दुकान पूर्ण रिकामं!!!

विजय.

शुक्रवार, १४ ऑगस्ट
कुणीतरी वहिनींना फोन केला. मला टेस्टला पाठवलं. नाकात काडी मेंदूपर्यंत घालतात. रिझल्ट येईपर्यंत खोलीबाहेर यायचं नाही. डबे बंद. दादा दाराबाहेरून म्हणाले, "मिरी हुंगून शिंकलास? मुद्दाम? मुरली, तुला नक्की झालंय काय?" बोलायचं खूप होतं, पण सूड हा सांगून घ्यायचा नसतो. वहिनी स्वतः भाजी आणायला गेल्या. फोटो पाहिला असणार. जेवणाचं ताट दाराशी ठेवताना काही बोलल्या नाहीत. उमदं मन.

रविवार, १६ ऑगस्ट
निगेटिव्ह.

दाराशी पिशवी. आत आंबे, कढीपत्त्याची मोठी जुडी आणि भेंडी. लान आँटीच्या दुकानाची पिशवी.

शरणागती! एवढ्या लवकर येईल वाटलं नव्हतं.

सोमवार, १७ ऑगस्ट
अटी ठरवून गेलो. तिची मुलगी किम काउंटरवर असते, मोनॅश युनीला शिकते, बोलणी तिच्यामार्फत. किम म्हणाली की पहिल्या दिवशी मॉमने तुला खूप शिव्या दिल्या. पण तू आलास की त्या दिवशी तुफान विक्री होते. रोज. आणि तू दोन-तीन दिवस आला नाहीस तर कोल्ड रूम बंद पडली, भाजीचा ट्रक आलाच नाही, माशांच्या टाकीपाशी मॉम घसरली. म्हणून मॉमचं ठाम मत झालंय की तुझा पायगुण चांगला आहे. (किमने 'लकी फीट' म्हटलं.) तू रोज पहिला यायचंस. प्लीज.

रक्त उसळलं. मी तिचा दिवस बुडवायला जात होतो!

पण डोकं थंड ठेवलं. म्हटलं, येतो. अट एकच. तो फोटो उतरवा.

किमने आत जाऊन विचारलं. आतून आँटीची किंकाळी आली. किम परत येऊन म्हणाली, सॉरी मेट. फोटो लावल्यापासूनच नशीब उघडलं, असं मॉमचं म्हणणं आहे. फोटोला हात लावायचा नाही.

मंगळवार, १८ ऑगस्ट
फोटो लॅमिनेट केलाय.

शनिवार, २२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
नारळ, केळीची पानं, दुर्वा म्हणून काहीतरी गवत, सगळ्यांना आजच पाहिजे. दोनशे पावलांची तरी रांग असेल. मी आलो तशी आँटीने दोन्ही हातांनी रांग बाजूला सारली. "लकी बॉय फर्स्ट! लकी बॉय फर्स्ट!" सगळी मराठी मंडळी भिंतीला टेकून मला वाट देत होती. आँटीने स्वतःच्या हाताने नारळ दिला, माझ्याकडून पहिली भवानी घेतली, नोट कपाळाला लावली.

आमच्या डब्याची गिऱ्हाईक सावनी काउंटरपाशी नारळ धरून सेल्फी काढत होती. मला म्हणाली, "अरे मुरली, तू इथे व्हीआयपी आहेस का?" टोमणाच तो. फोटो तिच्या खांद्यामागेच लटकत होता.

सूड आतून घ्यावा लागणार. आधी विश्वास मिळवायचा.

रविवार, १३ सप्टेंबर
विश्वास मिळवणं चालू आहे. मेथीची पहिली जुडी माझी. कढीपत्ता मागावा लागत नाही. वहिनी म्हणतात की भाजी हल्ली छान येते, पनवती गेली वाटतं. आँटीने मला मिरी घातलेला चहा दिला. वाईट नव्हता.

सूड विसरलेलो नाही. मिशी आहे.

सोमवार, २८ सप्टेंबर
आज कळलं की ते दुकान माझ्यावर चाललंय. आँटी बिचारी एकटी काय करणार. दादांना सांगितलं की यापुढे दुकान उघडायच्या आधीचे डबे मी पोचवू शकणार नाही, माझ्यावर दुसऱ्याच्या धंद्याची जबाबदारी आहे. दादांनी कांद्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, कांदे तरी चिरशील ना?

सोमवार, १९ ऑक्टोबर
पाच किलोमीटरचे पंचवीस झाले. लोक आनंदाने वेडे झालेत. मी नेहमीप्रमाणे पहिला. आँटीने लिंबू दिलं. पैसे कपाळाला लावले.

माझ्यानंतर कुणी आलं नाही.

बराच वेळ थांबलो. मग एक माणूस टॉयलेटची किल्ली मागायला आला.

बुधवार, २१ ऑक्टोबर
सगळे गाड्या काढून लांबच्या मोठ्या मार्केटला जातायत. आज कोबी सडलेला फेकला. आँटी माझ्या पायांकडे बघत होती.

मी मुद्दाम उजवा पाय आधी टाकला होता. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर
दारात पोचलो तर आँटीने मला हाताने थांबवलं. मागे एक टोपीवाले चिनी आजोबा काठी टेकत उभे होते. त्यांना आधी आत घेतलं. मला रांगेत अंतर ठेवायला काढलेल्या दुसऱ्या ठिपक्यावर उभं केलं.

आत गेलो. काउंटर मोकळा! किमने फोटो काढून रिसायकलिंगमध्ये टाकला होता. तिथे आता आंब्याच्या सेलची पाटी. किम म्हणाली, "सॉरी मेट, नथिंग पर्सनल."

म्हणजे झालं! फोटो उतरला! मी उतरवला. नाक दाबलं की तोंड उघडतं. तीन महिने लागले, पण बाईला शेवटी झुकावंच लागलं. घरी येऊन मिशी काढली. वरचा ओठ थंड वाटतोय.

एवढा मोठा विजय आपल्यापाशीच ठेवणं बरोबर नाही. ज्यांच्यासमोर अपमान झाला त्यांच्यासमोरच भरपाई झाली पाहिजे. डब्याच्या ग्रुपवर टाकलं:

'मित्रांनो, लान आँटीच्या काउंटरवरचा भेंडी मोडतानाचा माझा फोटो आज अखेर उतरला. इतके दिवस तुम्ही सगळ्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलंत, कुणी एका शब्दाने दुखावलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. सत्याचा विजय. — मुरलीधर'

शुक्रवार, २३ ऑक्टोबर
सावनी: कुठला फोटो?
रुद्र: तो तू होतास????
विवेक: मला वाटलं नेटवरून उचललाय.
कुणीतरी नवीन मुलगी: मुरलीधर म्हणजे डबेवाले दादा ना? ते भाजी मोडतात?

वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या की त्यांनी तो फोटो ऑगस्टपासून पाहिलाय, पण त्यांना वाटायचं कुणी म्हातारी बाई आहे. दादांना विचारलं. त्यांनी फोन वाचला, मग कांद्यांकडे बघत म्हणाले, "झाडू पण होता का रे? रांगेतलं कुणीतरी बोललं होतं तेव्हा." झाडूचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

दुपारी सावनीने तिच्या गणपतीच्या सेल्फीतून मागचा फोटो मोठा करून ग्रुपचा डीपी लावलाय. खूप स्वच्छ केलाय तिने. कानटोपी, मास्क, हातात भेंडी.

आता नीट ओळखू येतो. मीच आहे.