स्टेइनुनचे नाव

मिरदालूर, १५ नोव्हेंबर १९१८

चि. ओद्नीस, अ. आ.

आज शुक्रवार. दिवसभर वारा. ज्वालामुखीची राख अजून उडते आहे, म्हणून मेंढ्या आतच ठेवल्या. नदीवर माझा सहावा पहारा. दुपारी दोन वाजता पलीकडच्या काठावर घोडा थांबला. आपली स्टेइनुन होती.

शहरात तापाची साथ वाढली म्हणून तूच तिला घरी पाठवलीस म्हणे. मला काही झालेले नाही, असे ती ओरडून सांगत होती. मी सांगितले, की पश्चिमेकडून कोणालाही अलीकडे घ्यायचे नाही असे आम्ही सगळ्या गावांनी ठरवले आहे, आणि परवाच मी एका बापाला याच शब्दांत परत पाठवले. ती हसली. म्हणाली, की बाबा, गेल्या महिन्यात एवढ्या थाटात स्वतंत्र देशाला मत देऊन आलात, आणि लेकीला स्वतःच्या घरी यायची चोरी? मग म्हणाली, की तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त आधी दोनदा रडले असते.

पलीकडेच, डोंगराखालच्या शेतावर राहा म्हणालो. ऐकले नाही. आत्याकडे हात कमी आहेत, तिकडेच जाते म्हणाली. तिची आई आज हयात नाही, हे प्रथमच बरे वाटले.

पोचली की कळव. माया आहेच, तुझ्याकडूनही असू दे.

तुझा दादा,
इल्लुगी

रेक्याविक, ४ डिसेंबर १९१८

ती. दादास, शि. सा. न.

स्टेइनुन गेली. आधी तेच लिहिते, म्हणजे तुम्हाला ओळी चाळत बसावं लागणार नाही.

अठराला धडधाकट परत आली होती. आल्या आल्या म्हणाली, की आत्या, तुझा भाऊ स्वतःच्या सावलीलाही नदी ओलांडू देणार नाही. शाळेत आजारी माणसं ठेवली होती, त्यांना पाणी पाजायला जायला लागली. तेवीसला ताप चढला, सव्वीसला संपलं. सगळ्यांना एकाच लांब खड्ड्यात ठेवलं. ती डावीकडून सातवी. मी मोजून ठेवलं आहे.

रविवारी सरकारी इमारतीवर आपला झेंडा चढला. माणसं थोडी, बहुतेक काळ्या कपड्यांत. शेजारीण म्हणाली, की आज तरी हस गं, देश मिळाला. मी म्हटलं, मिळाला ना, मग जपून ठेव.

दादा, तुम्हाला बोल लावणारं एक पत्र लिहिलं होतं. जाळलं. तिनं शेवटी तुम्हाला हाक मारली का, असं विचाराल. नाही मारली. शुद्धच नव्हती.

रागावले असले तरी तुमचीच,
ओद्नी

मिरदालूर, १९ डिसेंबर

चि. ओद्नीस, अ. आ.

पत्र पोचले. तू जेवत जा.

इल्लुगी

मिरदालूर, २ फेब्रुवारी १९१९

चि. ओद्नीस, अ. आ.

नदीच्या अलीकडे साथीने एकही माणूस गेले नाही. चर्चमध्ये पहारेकऱ्यांची नावे घेऊन आभार मानतात. मी मागच्या बाकावर बसतो.

शेजारची हाल्ला बुधवारी बाळंत झाली. मुलगी. काल तिचा नवरा येऊन दारात टोपी फिरवत उभा राहिला. म्हणाला, की इल्लुगीभाऊ, रागावू नका, पण महिनाभर तुमची पोर हिच्या स्वप्नात येत होती. ओल्या बुटांनिशी चुलीपाशी बसायची. नाव मागायलाच आली असणार. पोटुशीच्या स्वप्नात मेलेलं माणूस दुसऱ्या कशाला येतं? तुम्ही हो म्हणालात तरच ठेवू.

मी हो म्हणालो. मग विचारले, की माझ्याबद्दल काही बोलली का. तो टोपीकडे बघत राहिला. म्हणाला, की बोलली नाही, पण हसत होती. माणूस चांगला आहे. खरे-खोटे मी विचारले नाही.

ओद्नी, माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नाही. हल्ली मी लवकर निजतो.

आज नाव ठेवले. पाद्री ते मोठ्याने म्हणाला तेव्हा उठून जावेसे वाटले, पण बसलो. नंतर हाल्लाने पोर माझ्या मांडीवर दिली. वजनाला चांगली आहे. थोडा वेळ घेतली आणि परत दिली.

आता आपण दोघेच उरलो, तेव्हा लोभ राहू दे. पत्र इथेच थांबवतो. बटाटे सोलायचे आहेत.

तुझा दादा,
इल्लुगी