काचेपुढचे मासे

७ मार्च
आजही कालव्याला पाणी नाही! अठरा दिवस झाले. कापड रंगवायला पाणी नाही म्हणून रंगखाना बंद, मुलगा घरात. नदी मात्र दोन्ही काठ भरून वाहते आहे — माशांसाठी! ठिपकेवाले मासे म्हणे आता थोडेच उरलेत, त्यांना अंडी घालायला बंधाऱ्याच्या वर जायचं असतं. चारशे मासे वर गेले की मगच कालव्याचं दार उघडणार. आणि ते मोजतं कोण? आमची नात! बाप माशांमुळे घरी बसला, मुलगी माशांमुळे नोकरीला लागली. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणाला?

८ मार्च
जेवताना मुलगा म्हणाला, "आज किती गेले तुझे पाहुणे?" नात म्हणाली, "सहा." "सहाच? रिक्षा करून दे त्यांना!" मला हसू आलं. हसायला नको होतं. नात भरल्या ताटावरून उठली.

१० मार्च
नात डबा विसरली, म्हणून मी घेऊन गेले. अगं बाई, काय ती खोली! बंधाऱ्याच्या पोटात, गार, हिरवा उजेड, आणि भिंतीएवढी काच. पलीकडून मासे त्यांच्यासाठी बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या चढतात — पोटुशी बाई जिना चढते ना, अगदी तशा. दम खातात, परत चढतात. एक तर काचेला नाक लावून माझ्याकडेच बघत होती! मी म्हटलं, चल गं, थोडंच राहिलं. नातीच्या मुठीत यंत्र असतं. मासा गेला की दाबायचं, टक्, आकडा एकानं पुढे. ती जेवेपर्यंत मी दाबलं. "साहेबांना सांगू नकोस हं आजी." कशाला सांगू? शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण आईच्या चाळीस कोंबड्या संध्याकाळी मीच मोजून कोंडायचे. एकसुद्धा चुकली नाही. एकदा मांजर मोजलं होतं, पण तेव्हा अंधार होता.

१३ मार्च
मालकाचा निरोप आला — महिनाअखेरीपर्यंत पाणी आलं नाही तर रंगखाना दुसरीकडे हलवतो, तक्रार असेल तर माशांकडे करा. मेल्याच्या जिभेला हाड नाही!

१९ मार्च
रोज डबा मीच नेते. आज साहेब भेटला. पोरगेलासा आहे, मोजे दोन रंगांचे. मी विचारलं, "उरलेले नाही चढले तर काय बिघडतं?" तर म्हणतो, "आजी, मागून येतात त्या माद्यांच्याच पोटात जास्त अंडी असतात. त्या खाली अडकल्या तर पुढच्या वर्षी मोजायला कुणी येणार नाही." बोलतो गोड. पण याच्या चुलीला कुठे झळ लागली आहे?

२४ मार्च
मुलगा भांडी घासत होता. बावीस वर्षं त्याचे हात कोपरापर्यंत निळे, लग्नातसुद्धा निळे. आता पांढरे झालेत, नखंसुद्धा. मला बघवेना. "अगं आई, बरं आहे की, आता भात निळा दिसत नाही," म्हणाला. आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

२६ मार्च
तीनशे एकोणनव्वद. दोन दिवसांत एकही नाही. नात घरात कुणाशी बोलत नाही, बाप तिच्याशी बोलत नाही. मी भिंतीशी बोलते!

२८ मार्च
नात हात धुवायला बाहेर गेली. यंत्र माझ्या मुठीत. काचेपुढे मासा नाही, गवताची काडीही नाही. टक् टक् टक् — अकरा वेळा. चारशे.
ती परत आली, आकडा बघितला. "आजी! एवढे?" मी म्हटलं, "घोळका आला गं." ती माझ्या गळ्यात पडली.

२९ मार्च
कालव्याचं दार उघडलं. मुलगा काठावर पाण्याबरोबर चालत गेला, पोरासारखा. मलाही आनंद झाला. झाला म्हणजे, झालाच.

३० मार्च
रंगखान्यात एक कढई नाही. राखणदार म्हणाला, "पंधरा तारखेलाच सगळं ट्रकनं गेलं. नवी जागा तर दिवाळीच्या आधीच बघून ठेवली होती, माशांचं नुसतं निमित्त." मुलगा तिथेच पायरीवर बसून आहे. नदी उतरायला लागली, आणि मागच्या पोटुशा अजून खालीच आहेत. साहेबाला सांगायला निघाले. नातीची नोकरी जाईल. चपला घालूनच लिहिते आहे, नाहीतर परत बसेन.