कटिंगमधून झिरपणारं पाणी

६ मे, मंगळवार

घाटातल्या कटिंगला (रस्त्यासाठी डोंगर कापून राहिलेली उभी भिंत) हात लावला — ओलं! भर मे महिन्यात! वर काळी माती, खाली मुरूम, दोन्हीच्या जोडातून पाणी झिरपतंय. सोमनाथ सर (आमच्या कन्सल्टन्सीचे सिनियर) गाडीतूनच म्हणाले, "झरा असंल. फोटो काढ अन् चल."

झरा? मागच्या आठवड्यात तर ठणठणीत कोरडं होतं!

कटिंगखाली रस्ता. रस्त्याच्या खालच्या कडेला बंकटमामांचं घर आणि मेंढरांचा वाडा. हे घसरलं तर रस्ता ओलांडून थेट त्यांच्या दारात.

७ मे

फॅक्टर ऑफ सेफ्टी काढला. मातीला धरून ठेवणारं बळ भागिले खाली ओढणारं. कोरडं असताना १.२. पूर्ण भिजलेलं धरलं की ०.९. एकच्या खाली!! तीनदा तपासलं. जेवण गेलं नाही. आई म्हणे, "परीक्षा संपल्या ना गं तुझ्या?"

१३ मे

आज परत कोरडं. काय चाललंय काय!

बंकटमामांच्या पत्नी, बायडामावशी, अंगणातून बघत होत्या. "कावून रोज भिंत चाचपतीस गं? भूत हाय का तिच्यात?" मग चहा. शेळीच्या दुधाचा, लई गोड. मी सांगितलं, भिंत पडू शकते, पावसाळ्यात तर नक्की. हसल्या. "मेंढरांना सांग. मी म्हनलं तर ऐकत न्हाईत."

नंतर मात्र हळूच विचारलं, "खरंच पडंल?"

२० मे

ओलं! तडक कटिंगच्या वरच्या उसात गेले. ऊस सुंदररावांचा, माजी सरपंच. बाजेवर बसले होते. विचारलं, पाणी कधी देता?

"लाईट असंल तवा. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. रातच्याला कोन जागतंय मॅडम? ऑटो टाकून झोपतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू."

सापडलं!!! रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात पाणी रात्रभर सऱ्यांमधून वाहतं, जिरतं, आणि कटिंगमधून बाहेर येतं. नाचावंसं वाटलं उसातच.

मग म्हटलं, ऑटो बंद करा. पण पाऊस तर बंद करता येणार नाही, म्हणून भिंत उभी ठेवून चालणार नाही, ती कापून तिरका उतार करावा लागेल. वरची कड तुमच्या उसात येईल.

चेहराच बदलला. "रस्ता तुमचा, डोंगर तुमचा. ऊस माझा हाय."

२२ मे

रिपोर्ट दिला. एक उंचीला दीड आडवा उतार, वर पाण्यासाठी चर. सोमनाथ सर — "कॉलेज संपलं बरं का तुझं. सुंदररावांशी कोण भांडणार?" मी म्हटलं, सर, खाली माणसं राहतात. सरांनी रिपोर्ट परत पहिल्यापासून चाळला. शेवटी सही केली. आवडले मला आज.

२३, २४, २५ मे

काही नाही. बांधकाम खात्याचा फोन नाही. आभाळ भरून येतंय आणि जातंय. मी नखं खातेय.

३० मे

मंजूर!!! माझा उतार! एकाला दीड, जसाच्या तसा! पहिलंच डिझाइन!

ऑफिसमधून थेट स्कूटीवर घाटात. मावशींना सांगितलं, आता भिंत तुमच्या अंगावर येणार नाही. "शब्द देतीस?" देते म्हटलं. त्यांनी बंकटमामांना हाक मारली, "ऐकलं का? आता वाड्याला पत्रे घाला. लई दिस थांबलात."

मामांनी दुपारीच पत्रे आणायला टेम्पो सांगितला.

३ जून

आज खात्याच्या लोकांनी कामाच्या खुणा मारल्या. उतार एकाला दीडच आहे. फॅक्टर दीडच्या वर. ऊस जिथल्या तिथे — वरची कड हललीच नाही, उताराचा पाया पुढे काढून रस्ताच खाली सरकवलाय. लाल रंगाची खूण मावशींच्या घराच्या भिंतीवर आली, नव्या पत्र्यांपासून हातभर. त्यांनी मलाच विचारलं, "ताई, खुनंच्या अल्याडचं पडनार, का पल्याडचं?"