दाढ पॉलिसीत बसत नाही

३ फेब्रुवारी
सकाळी टोस्ट चावताना खालच्या डाव्या दाढेत कळ गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. घाबरण्याचं कारण नाही. परदेशात नोकरीला आलो तेव्हाच कंपनीने हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड दिलंय. निळं, गुळगुळीत, त्यावर माझं नाव ठसठशीत. आल्यापासून पाकिटात नुसतं बसून आहे. मी एकदाही आजारी पडलो नाही. म्हणजे फायदा सगळा विमावाल्यांचा.
संकल्प: दाढ विम्यातून नीट करून घेणार. खिशाला हात लावणार नाही.

४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत हेल्पलाइनला फोन. आधी गाणं ऐकवलं, बराच वेळ. मग एक बाई आल्या. आवाज गोड. म्हणाल्या, दात पॉलिसीत बसत नाहीत. मी म्हटलं, दात शरीरात बसतात की नाही? म्हणाल्या, हो, पण पॉलिसीत नाहीत. डोळेही नाहीत, हे मी न विचारताच त्यांनी सांगितलं. अपघातात दात तुटला तरच खर्च मिळतो म्हणे.
फोन आपटला. मोबाइल असल्यामुळे पुठ्ठ्याच्या खोक्यावर आपटला.
संध्याकाळी मामाला सगळं सांगितलं. मामा म्हणजे माझ्या खोलीतला जोडीदार. आमच्याच कारखान्यात वेल्डर. नात्याने कुणाचाच मामा नाही, वयाने सगळ्यांचा. म्हणाला, कोपऱ्यावर दातांचा दवाखाना आहे, पैसे दे आणि मोकळा हो. याला काय उपाय म्हणतात? ही शरणागती झाली. प्रश्न दाढेचा नाही, तत्त्वाचा आहे.

६ फेब्रुवारी
हिचा व्हिडिओ कॉल. मी उजवा गाल पुढे करून बसलो. ही म्हणाली, अहो, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं काय बोलताय? मी म्हटलं, नेटवर्क.
मागे मेहुणा होता. निघताना त्याला मीच सांगितलं होतं, तिकडे साधी शिंक आली तरी विमा धावून येतो. त्याने मुद्दाम विचारलं, दाजी, तब्येत काय म्हणते? मी म्हटलं, ठणठणीत. ठ म्हणताना फार दुखलं.

८ फेब्रुवारी
पॉलिसीची पुस्तिका वाचून काढली. मुंगीने पाय पुसावेत इतकं बारीक अक्षर. त्यात सापडलं: 'बाहेरून झालेला आकस्मिक आघात'. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दाढेला अपघात व्हायला हवा, बस्स! यात फसवणूक नाही. दाढ खरी, दुखणं खरं, विमा खरा. फक्त कारण जरा इकडचं तिकडे.
दाढेखाली अक्रोड धरला आणि जोर लावला. अक्रोड फुटला नाही. मी जमिनीवर बसलो. मामाने तोच अक्रोड दाराच्या फटीत फोडून खाल्ला. मला विचारलंही नाही.

९ फेब्रुवारी
मामाला म्हटलं, गालावर एक ठोसा लगाव. वाटलं, नको म्हणेल, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल. तो लगेच बाह्या सरसावून उभा राहिला. घड्याळ काढून ठेवलं. मनगट फिरवून बघितलं. इतकी हौस? एका खोलीत राहून माणसाच्या पोटात काय काय साचतं!
कार्यक्रम पुढे ढकलला.

११ फेब्रुवारी
स्टोअरमध्ये फिटर बोल्ट मागायला आला. आमचा कारखाना लिफ्टचा, आणि कारखान्यातला एकेक नट-बोल्ट माझ्या हातून जातो. चिठ्ठीवर फोरमनची सही नव्हती. परत पाठवला. काम अडलंय, फोरमन जेवायला गेलाय, एवढ्या वेळी द्या, असं गयावया करत होता. मी म्हटलं, सही नाही तर बोल्ट नाही. माणसाने ठाम असावं.
दुपारी पुन्हा हेल्पलाइन. पुन्हा त्याच बाई, पुन्हा तोच नियम. जगात माणुसकी म्हणून राहिली नाही.

१४ फेब्रुवारी
गाल सुजला. आरशात उजवीकडे मी आणि डावीकडे माझा थोरला भाऊ.
आज वाईट झालं. दाढेच्या नादात फिटरला बारा नंबरऐवजी दहाचे बोल्ट काढून दिले. ब्रेकचे. त्याने बसवायच्या आधी हातात तोलून बघितले, म्हणून निभावलं. फोरमनने आत बोलावलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, त्या लिफ्टमध्ये माणसं चढतात, पोरंबाळं चढतात. दात दाखवून ये, नाहीतर तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं का, ते मला बघावं लागेल.
मी त्याला विमा कंपनीचा अन्याय मुद्देसूद समजावून सांगितला. तो गालाकडेच बघत होता.
फिटरला दोन शब्द बोलायला हवे होते. उद्या बोलेन. आज बोलताना त्रास होतो.

१५ फेब्रुवारी
मामाने फितुरी केली. घरी फोन करून सगळं सांगितलं. ही रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, तिकडे एकटे आहात, काही झालं तर मी इथून धावत तरी कशी येऊ? मी म्हटलं, घाबरू नकोस, ही तत्त्वाची लढाई आहे. म्हणाली, मग तत्त्वं चाटून खा, चावता तर काही येत नाही! मागे आमची लेक खुदकन हसली.
मामाशी बोलणं बंद. सोमवारी विमा कचेरीवर स्वतः धडक मारणार. फोनवर आपलं वजन पडत नाही.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
विजय! सविस्तर लिहितो.
अर्धी रजा घेतली. इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत भाषण पाठ केलं. सुरुवात 'माणूस म्हणजे केवळ मानेखालचा भाग नव्हे' अशी होती. कचेरीची इमारत नखशिखांत काचेची. ताठ मानेने तडक आत शिरलो. दार बंद होतं. इतकी स्वच्छ काच मी आयुष्यात पाहिली नाही. तेव्हाही पाहिली नाही.
वरचा पुढचा दात अर्धा गेला. अख्खं ऑफिस धावलं. कुणी खुर्ची दिली, कुणी बर्फ आणला. त्यात हेल्पलाइनच्या बाईही होत्या, आवाजावरून ओळखलं. बाई कसली, माझ्या लेकीच्या वयाची पोर. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली. रुमालाने माझा शर्ट पुसत म्हणाली, काळजी करू नका, हा अपघातच आहे, सगळा खर्च मिळेल.
भाषण राहिलं. 'स' म्हणायला गेलो की नुसती हवा जात होती.

१९ फेब्रुवारी
विमावाल्यांच्या भल्यामोठ्या हॉस्पिटलात पुढचा दात बसवून घेतला. खिशाला हात लावला नाही. दात बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आता तोंड उघडंच आहे तर डावी दाढही उरकून टाका. तोंड बधिर होतं. त्यांनी मला पाणी दिलं. मग मी खाणाखुणा केल्या. तेव्हा म्हणाल्या, ती अपघातात बसत नाही, तिचे पैसे वेगळे पडतील.
मी बाणेदारपणे उठून आलो. उठताना गळ्यातला प्लास्टिकचा रुमाल तसाच राहिला. बसमध्ये एका लहान मुलीने दाखवला.
नवा दात पांढराशुभ्र, बाकीच्यांपेक्षा दोन छटा उजळ. मेहुण्याला फोटो पाठवला, 'सगळं विम्यातून.' डावा गाल कापूनच पाठवला. लढाई अर्धी जिंकलीच आहे.

२१ फेब्रुवारी
पहाटेपासून ताप. डोळा उघडेना. पाणीसुद्धा गिळवेना. मी म्हटलं, तापाला विमा चालतो, हेल्पलाइनला फोन लाव. मामाने फोन लावला नाही. त्याने स्वतःचे बूट घातले, मग खाली बसून मला माझे घातले. बोलणं बंद असल्यामुळे मला विरोध करता आला नाही.
कोपऱ्यावरचा दवाखाना. एक खुर्ची, एक म्हातारे डॉक्टर. पैसे माझ्याच खिशातून गेले. डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि म्हणाले, खालची दाढ ठणठणीत आहे. कीड वरच्या दाढेत. कधी कधी दुखतं एक आणि वाटतं दुसरं. म्हणजे इतके दिवस मी भलत्याच दाढेचा खटला चालवत होतो.
वरची काढली. मामाला बाहेर नीट बूड टेकायलाही वेळ मिळाला नाही. दुखलं नाही.
डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस का थांबलात? तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून उत्तर देता आलं नाही.
बोळा काढल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.